ब्रेकचे पॅड आणि डिस्क किती झिजलेत ते घरच्या घरी कसं बघायचं

नवीन गाडीवाले हमखास विचारतात, पॅड किती किलोमीटरला बदलायचे? याचं एका आकड्यात उत्तर नाहीये. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या घ्या, एक रोज दादर ते अंधेरी सिग्नलला थांबत थांबत जाणारी आणि दुसरी नाशिक धुळे हायवेवर पळणारी, पहिलीचे पॅड २५ हजारात संपू शकतात आणि दुसरीचे ५०-६० हजारालाही शिल्लक असू शकतात. त्यात परत चालवणारा कसा आहे, गाडीत रोज किती माणसं आणि सामान असतं, ऑटोमॅटिक आहे की मॅन्युअल, रस्त्यात घाट आहे का, या सगळ्याने फरक पडतो. म्हणून किलोमीटर विचारायचे नाहीत, मिलिमीटर मोजायचे. आणि ते मोजायला मेकॅनिक असायची गरज नाही, अर्धा पाऊण तास आणि थोडी काळजी एवढंच लागतं. पॅड बदलणं हे वेगळं काम आहे, ते पहिल्यांदा तरी जाणत्या माणसाकडून करून घ्या, पण बदलायची वेळ आलीय का हे तुम्हाला स्वतःला कळलंच पाहिजे.

आधी समोर काय दिसणार आहे ते थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक आणि छोट्या सेडानला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची तबकडी, तिच्यावर बसलेला कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, आणि कॅलिपरमध्ये डिस्कच्या दोन बाजूंना दोन पॅड, एक बाहेरचा आणि एक आतला म्हणजे इंजिनाकडचा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, त्यामुळे थांबवायचं जास्त काम, साधारण ६०-७० टक्के, पुढचेच ब्रेक करतात आणि झीजही तिथेच जास्त होते. म्हणून सुरुवात पुढच्या चाकांपासून.

चाक काढायच्या आधी

गाडी चालवतानाच बरंच काही कळतं. कमी स्पीडला काच खाली करून, रेडिओ बंद करून, एखाद्या कंपाउंड वॉलच्या बाजूने गाडी न्या, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे बारीक आवाजही ऐकू येतो. बऱ्याच पॅडला एक छोटी पत्र्याची जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि बारीक किर्रर्र असा सतत आवाज येतो. हा आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, लवकर बघा. पण प्रत्येक पॅडला ही जीभ नसते, स्वस्तातल्या लोकल पॅडला बऱ्याचदा नसतेच, आणि असली तरी बहुतेक वेळा दोघांपैकी एकाच पॅडला असते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड चांगले आहेत असं धरून चालू नका.

याच्या उलट, सकाळी पहिल्या दोन चार ब्रेकला खरखर झाली आणि मग गेली तर घाबरू नका. पावसाळ्यात किंवा कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे रात्रीतून डिस्कवर गंजाचा नारिंगी थर येतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅडच पुसून काढतात. गाडी धुतल्यावर पण हेच होतं. पण प्रत्येक ब्रेकला लोखंडावर लोखंड घासल्यासारखा घर्र आवाज येत असेल तर पॅडचं मटेरियल संपून मागची लोखंडी प्लेट डिस्कला खातेय, तिथे गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा मेकॅनिकला घरी बोलवा.

अजून दोन गोष्टी बघून ठेवा. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का, आणि गाडी एका बाजूला ओढते का. आणि साधारण अर्धा तास चालवून आल्यावर, शेवटचा थोडा रस्ता जोरात ब्रेक न मारता येऊन, चारही चाकांच्या जवळ हात न्या, हात लावू नका फक्त जवळ न्या. पुढची दोन्ही चाकं साधारण सारखीच तापलेली असायला हवीत, एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये, म्हणजे कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन जाम आहे.

चाक काढणं

ॲलॉय असतील तर स्पोकच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो आणि बरेच जण तेवढंच बघून गाडी ओके म्हणतात. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण आतला पॅड तिथून दिसत नाही आणि बऱ्याचदा आधी तोच संपतो. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून, मोबाईल चाकाच्या मागे नेऊन फ्लॅश लावून फोटो काढला तर काही गाड्यांत आतला पॅड दिसतो, पण खात्रीने बघायचं तर चाक काढाच.

सपाट, कडक जागा पाहिजे, सोसायटीचं काँक्रीटचं पार्किंग उत्तम, उतार किंवा मऊ मातीत अजिबात नको. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पीमध्ये, मागच्या चाकांना पुढून मागून दगड लावा. चाकाचे नट जॅक लावायच्या आधी, चाक जमिनीवर असतानाच, अर्धा फेरा सैल करा, वर उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बॉडीच्या खाली पत्र्याला दोन खाचांच्या मध्ये ती जागा असते, तिथेच लावा. काढलेलं चाक लगेच गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी त्या चाकावर बसेल. जॅक स्टँड असेल तर उत्तमच. विटांवर गाडी टेकवू नका, वीट भार आला की फुटते. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीच्या खाली डोकं काय, हातही घालू नका.

चाक निघाल्यावर तिथे काळी धूळ दिसेल. ती तोंडाने फुंकू नका, हवेचा प्रेशर मारू नका, पॅडची धूळ छातीत जाते आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारा. डिझेल, ऑइल, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही डिस्कच्या किंवा पॅडच्या जवळ आणायचं नाही, पॅडने तेल प्यायलं की तो पॅड गेला.

पॅड मोजणं

कॅलिपरच्या मधोमध बहुतेक गाड्यांत एक खिडकी असते, त्यातून दोन्ही पॅड वरून दिसतात. इथे नवीन माणूस हमखास फसतो. पॅडचे दोन थर असतात, डिस्कला टेकणारं घर्षणाचं मटेरियल आणि त्याच्या मागची लोखंडी प्लेट. ती प्लेटच साधारण ५ मिलिमीटर जाड असते, तिच्या कडेला गंज आणि धूळ बसलेली असते त्यामुळे दोन्ही थर एकच वाटतात आणि ३ मिलिमीटर उरलेला पॅड ८ चा वाटतो. कपड्याने कड पुसा, टॉर्च तिरकी मारा, दोन थरांमधली रेघ शोधा आणि फक्त डिस्ककडचा थर मोजा.

मोजायला पट्टी आत जात नसेल तर एलन कीचा, म्हणजे षटकोनी सळईच्या वाकड्या पान्यांचा, सेट घ्या. ३ मिलिमीटरची आणि ५ मिलिमीटरची एलन की पॅडच्या मटेरियलला लावून बघा. नवीन पॅडचं मटेरियल बऱ्याच छोट्या गाड्यांत साधारण ९ ते १२ मिलिमीटर असतं. ५ च्या वर असेल तर निवांत. ३ ते ५ मध्ये असेल तर पॅड शोधून ठेवा आणि दर हजार दोन हजार किलोमीटरला बघत राहा. ३ ला आलं की बदला. बऱ्याच कंपन्यांची शेवटची मर्यादा २ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा नक्की आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल, पण २ पर्यंत ताणू नका असं मी कळकळीने सांगेन. पॅड जितका पातळ तितकी उष्णता त्यातून पिस्टनकडे आणि ब्रेक ऑइलकडे जास्त जाते, आणि आंबेनळी किंवा कुंभार्लीसारख्या घाटात उतरताना नेमकं हेच महागात पडतं.

बऱ्याच पॅडच्या मध्ये एक उभी चीर असते. ती चीर जवळपास बुजली असेल तर पॅड संपत आलाय असं समजायचं, पण हा अंदाज, मोजमाप नाही.

मोजताना चार आकडे लिहून घ्या, डावा बाहेरचा, डावा आतला, उजवा बाहेरचा, उजवा आतला. नुसता सगळ्यात पातळ पॅड शोधून थांबू नका, या चार आकड्यांतला फरक तुम्हाला झिजेचं कारण सांगतो.

आकडे काय सांगतात

बहुतेक गाड्यांत कॅलिपर सरकणारा असतो. पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड ढकलतो आणि मग पूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. आता या पिनांचं ग्रीस वाळलं, रबरी बूट फाटून पाणी आणि चिखल आत गेला, की पिन अडकते, कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम एकटा आतला पॅड करतो. म्हणून आतला पॅड बाहेरच्यापेक्षा खूप पातळ असेल, समजा २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर नुसते पॅड बदलून उपयोग नाही, पिना काढून साफ करून त्यांचं वेगळं हाय टेंपरेचरचं ग्रीस लावून घ्यावं लागेल. साधं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पिस्टन मागे जात नसेल तरी आतला पॅड जास्त जातो, त्यासाठी पिस्टन दाबून तो सहज मागे सरकतो का ते मेकॅनिकला बघायला सांगा आणि त्याचं रबरी धूळ कव्हर फाटलंय का ते तुम्ही स्वतः टॉर्चने बघा.

बाहेरचाच पॅड जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मागे यायला कंटाळा करतोय, परत पिनाच बघायच्या. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, म्हणजे पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे किंवा पॅड ज्या क्लिपमध्ये बसतो तिथे गंज साठून तो तिरका अडकलाय. आणि डाव्या उजव्या चाकात मोठा फरक असेल तर एका बाजूचा कॅलिपर नीट काम करत नाहीये, गाडी ओढत होती तर त्याचं कारण इथे सापडलं.

पॅड बाहेर काढलेला असेल तर त्याचं तोंडही बघा. काचेसारखं चकचकीत झालं असेल तर तो जास्त तापून ग्लेझ झालाय, पकड कमी होते. मटेरियलला आरपार तडा, कोपरा तुटलेला, किंवा मटेरियल प्लेटपासून सुटायला लागलेलं दिसलं तर जाडी कितीही असो, बदला.

डिस्क बघणं

डिस्ककडे कोणी बघत नाही, तीन तीन वेळा पॅड बदलून होतात आणि डिस्क आहे तीच. ती पण झिजते, हळू झिजते एवढंच.

डिस्कच्या कडेवरून आत बोट न्या, डिस्क गार झाल्यावरच. कडेला एक उंच ओठ लागेल, पॅड तिथपर्यंत पोचत नाही म्हणून ती कड मूळ जाडीची राहते आणि आतला भाग खाली जातो. ओठ जितका उंच तितकी डिस्क झिजलेली. पण हा फक्त इशारा आहे, खरं मोजमाप जाडीचं. बहुतेक डिस्कवर, कडेला किंवा मधल्या टोपीच्या भागावर, कमीत कमी जाडी कोरलेली असते, मिन टीएच अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरचा आकडा. गंजाखाली लपला असेल तर तारेच्या ब्रशने घासा.

मोजायला गॅरेजमध्ये मायक्रोमीटर असतो, घरी साधा व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून जाडी मोजायची पट्टी, चालतो पण तो सरळ लावला तर त्या ओठावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. यावर सोपा उपाय आहे. दोन सारखी नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना ओठाच्या आत झिजलेल्या भागावर एक एक धरा, नाण्यांसकट मोजा, आणि मग दोन नाणी एकत्र मोजून ती जाडी वजा करा. समजा नाण्यांसकट २४.३ आलं, दोन नाणी ३.४, म्हणजे डिस्क २०.९. कोरलेला आकडा २० असेल तर ०.९ मिलिमीटर शिल्लक. एकाच जागी मोजून थांबू नका, गोल फिरवत चार पाच जागी मोजा. अजून एक, बऱ्याच गाड्यांत डिस्क चाकाच्या नटांनीच धरलेली असते, चाक काढलं की ती हलते, म्हणून दोन नट परत हाताने घट्ट लावून मग मोजा.

आता इथे थोडा विचार करायला लागतो. कोरलेला आकडा म्हणजे त्याच्या खाली डिस्क फेकायची. समजा नवीन डिस्क २२ ची होती आणि पॅडच्या पहिल्या जोडीत ती १.१ झिजली, तर उरलेल्या ०.९ मध्ये दुसरी जोडी पूर्ण निघणार नाही, मधेच डिस्क मर्यादेखाली जाईल. मग पॅडसोबत आताच डिस्क बदलणं शहाणपणाचं, नाहीतर अर्ध्यावर आलेले चांगले पॅड नव्या डिस्कवर लावायची वेळ येते आणि ते नीट बसत नाहीत. पातळ डिस्कमध्ये लोखंड कमी म्हणजे उष्णता साठवायची ताकद कमी, ती लवकर तापते आणि तडे जायची शक्यता वाढते.

रेघोट्या सगळ्याच डिस्कवर असतात, बारीक गोल रेघा नॉर्मल आहेत. नखाने आडवं ओढून बघा, नख अडकेल एवढी खोल चर असेल तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग खरवडून सपाट करून, घ्यायचं का हे मेकॅनिकशी बोला, पण फेसिंगनंतरची जाडी कोरलेल्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे आणि परत पूर्ण पॅड झिजेपर्यंत तीच डिस्क चालायला हवी, त्यामुळे पातळ डिस्कला फेसिंग मारण्यात काही अर्थ नाही. निळे जांभळे डाग म्हणजे डिस्क खूप तापली होती, तिथे कॅलिपर जाम आहे का ते बघा. पृष्ठभागावर केसासारख्या अगदी बारीक रेषा असतील तर लक्ष ठेवा, पण कडेपर्यंत गेलेला किंवा नख अडकेल असा तडा असेल तर गाडी त्या डिस्कवर रस्त्यावर काढू नका. आतली बाजू पण बघाच, बाहेरून आरशासारखी दिसणारी डिस्क आतून खरवडलेली असू शकते. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या आणि महिनोन्महिने उभ्या असणाऱ्या गाड्यांत डिस्कवर एक पट्टा गंजलेलाच राहतो, म्हणजे तिथे पॅड टेकतच नाहीये. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते त्यामुळे पॅड खूप टिकतात पण डिस्क गंजते, तिथे हे नक्की बघा.

स्टिअरिंग थरथरत असेल तर लोक लगेच डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी गोलाईत कमीजास्त झालेली असते, आणि त्यासाठी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या एक दोन पट एवढा बारीक फरकही पुरतो, घरच्या व्हर्नियरला तो दिसणार नाही. कधी कारण अजूनच साधं असतं, डिस्क बसते त्या हबवर गंजाचा थर असतो, डिस्क किंचित तिरकी बसते. नवीन डिस्क लावताना हब तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, उभं राहून करून घ्या.

ब्रेक ऑइल बघा पण भरू नका

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल बघा. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो, ऑइल तिकडे जातं आणि लेव्हल हळूहळू उतरते, हे नॉर्मल आहे. हळूहळू मिनिममकडे आलं तर आधी पॅड मोजा. वरून ऑइल भरलंत तर नवीन पॅड लावताना पिस्टन मागे दाबला की जादाचं ऑइल डबीतून बाहेर येतं आणि त्याने रंग जातो. पॅड चांगले आहेत आणि तरी लेव्हल भराभर उतरली तर ते लीकेज आहे, गाडी थांबवा. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाणी मुरलं की लवकर उकळतं, डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना कमीत कमी २३० अंश आणि पाणी मुरल्यावर १५५ पर्यंत खाली येतो, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, पॅड कितीही जाड असले तरी.

बदलताना काय लक्षात ठेवायचं

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकत्र बदला, डिस्क पण दोन्ही बाजूंच्या. एकाच बाजूला नवीन टाकले तर गाडी ओढेल. जुना पॅड परत मागा, हातात घेऊन बघा, आणि अजून चालतील किंवा संपलेत असं कोणी सांगितलं तर किती मिलिमीटर हे विचारा, चांगला मेकॅनिक मोजून दाखवतो. मागे पण डिस्क असेल आणि हँडब्रेक बटणाचा असेल तर मागचा पिस्टन जोराने दाबू देऊ नका, आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकावा लागतो.

काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक खाली जमिनीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं आठ दहा वेळा. पहिले दोनशे तीनशे किलोमीटर विनाकारण जोरात ब्रेक नको, पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो.

मागचे ड्रम

मागे ड्रम असेल तर आतले लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, बाहेरून दिसत नाहीत, ड्रम काढावा लागतो, ते गॅरेजमध्येच करा. हँडब्रेक पूर्वीपेक्षा खूप वर ओढावा लागतोय किंवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ दिसतोय तर वाट बघू नका. लायनर पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात, त्यामुळे दर दुसऱ्या सर्व्हिसला ड्रम उघडून साफ करून घेतला तरी पुरे. ड्रमवर पण मर्यादा कोरलेली असते, फक्त तिथे तो आकडा जास्तीत जास्त व्यासाचा असतो, कारण ड्रम आतून मोठा होत जातो.

आकडे कुठे लिहायचे

मोबाईलमध्ये एक नोट करा, तारीख, किलोमीटर, चारही पॅडची जाडी, डिस्कची जाडी, आणि फोटो. दर १० हजाराला टायर फिरवायला चाकं निघतातच, तेव्हा मोजा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा. दोन तीन नोंदी झाल्या की हिशोब सोपा होतो. समजा नवीन १० होते आणि २० हजाराला ६ राहिले, म्हणजे ५ हजाराला १ मिलिमीटर, आता ३ पर्यंत यायला ३ मिलिमीटर म्हणजे अजून साधारण १५ हजार. रोजचा रस्ता बदलला, नोकरी बदलली, घाटातून जाणं येणं सुरू झालं तर हा वेग पण बदलतो, तेव्हा पुढचं मोजमाप ५ हजारालाच घ्या.